विनामोबदला ट्रेक नेणाऱ्या नव्या मंडळींची तयारी कशी करून घ्यावी?

पदरवाट

नमस्कार. पुण्यातील एका छोट्या गिरिभ्रमण संस्थेचे काम मी गेली अकरा वर्षे पाहतो आहे. संस्थेत पगारी माणूस एकही नाही. वाट ठरवण्यापासून गावातल्या जेवणाची सोय लावण्यापर्यंत आणि ट्रेकच्या दिवशी पुढे-मागे चालण्यापर्यंत सगळे काम सभासदच आपापली नोकरी सांभाळून करतात. येणाऱ्यांकडून आम्ही प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च तेवढा घेतो. महिन्याला साधारण दोन ट्रेक होतात. ते नेण्याची जबाबदारी सात जणांवर आहे आणि त्यांपैकी चौघांनी पन्नाशी ओलांडली आहे. येत्या दोन-तीन वर्षांत नवी माणसे पुढे आली नाहीत, तर संस्था बंद करावी लागेल.

प्रश्न विचारण्याचे तातडीचे कारण गेल्या पावसाळ्यातील आहे. राजमाचीचा मुक्काम आटोपून आम्ही उधेवाडीतून कोंढाणे लेण्यांच्या वाटेने कोंदिवड्याकडे उतरत होतो. आम्ही सत्तावीस जण होतो. सर्वांत पुढे मी होतो, मध्ये आमच्या एक जुन्या सभासद होत्या आणि शेवटी बावीस वर्षांचा एक तरुण होता. त्याने आमच्याबरोबर चाळीसहून अधिक ट्रेक केले होते, अंगाने काटक होता आणि सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणारा होता, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटची जागा त्याच्याकडे दिली होती. अर्ध्या उतारावर पुढच्या एका बाईंचा पाय मुरगळला. औषधांची पिशवी त्याच्या पाठीवर होती, मी हाक मारली आणि तो धावत पुढे आला. त्याच्या मागे दोघी जणी पावसाचे कपडे अंगात चढवण्यासाठी थांबल्या आहेत हे त्याला ठाऊक होते, पण त्या मागोमाग येतीलच असे त्याने धरले. जिथे एक ढोरवाट डावीकडे फुटते तिथे त्या दोघी तिकडे वळल्या. लेण्यांपाशी मोजणी केली तेव्हा पंचवीस जण भरले.

उधेवाडीतल्या एका काकांनी हाका मारत, चिखलातली पावले पाहत त्यांना तीन तासांनी शोधून आणले. दोघी भिजून गारठल्या होत्या, इजा मात्र कोणालाच झाली नव्हती. त्या मुलावर मी सगळ्यांसमोर ओरडलो. घरी आल्यावर लक्षात आले की शेवटच्या माणसाने काहीही झाले तरी जागा सोडायची नसते, हे मी त्याला कधीच सांगितले नव्हते. शिवाय औषधांची पिशवी त्याच्याकडे देऊन पुढून हाक मारणारा मीच होतो.

तेव्हापासून तो आलेला नाही. त्याच्याच वयाचे आणखी दोघे आता एका व्यावसायिक आयोजकाकडे 'व्हॉलंटियर' म्हणून जातात. तिथे चाळीस-पन्नास माणसे सांभाळायची, त्या बदल्यात स्वतःचा ट्रेक फुकट, आणि शिकवणे मात्र काहीच नाही. त्यांची मला काळजी वाटते, पण त्यांना परत बोलावून काय शिकवणार, हे माझ्यापाशीही तयार नाही. एखादा माणूस इतरांना नेण्यास योग्य झाला हे कसे ओळखावे, गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम सक्तीचा करावा का, आणि मैत्रीखातर येणाऱ्या, पैसे न घेणाऱ्या माणसाला 'इथून मागे फिरायचे' असे सांगण्याचा अधिकार प्रत्यक्षात कसा मिळवून द्यावा, याविषयी जाणकारांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

कातळटप्पा

आपण प्रांजळपणे लिहिलेत, त्यामुळे मीही मोकळेपणाने लिहितो. मी नाशिकचा. पस्तीस वर्षे डोंगरात फिरतो आहे आणि त्यांतली वीस ट्रेक नेण्यात गेली आहेत. ज्याने चाळीस ट्रेक केले तो एक ट्रेक नेऊ शकेलच, असे आपण सगळेच गृहीत धरत आलो आणि घोटाळा तिथेच होतो. ट्रेक करणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या पायांकडे असते. नेणाऱ्याला इतरांच्या पायांकडे, चेहऱ्याकडे आणि पाण्याच्या बाटलीकडे पाहावे लागते. ही नजर चालून चालून आपोआप येत नाही. कोणीतरी शेजारी चालून ती द्यावी लागते.

आमच्याकडे नव्या माणसाला पहिले वर्षभर शेवटीच चालवतात आणि त्याच्याबरोबर एक जुना माणूस असतो. पुष्कळांना ही जागा कमी मानाची वाटते. मला विचाराल तर सर्वांत अवघड जागा तीच आहे, कारण थकलेला, घाबरलेला, लाजलेला प्रत्येक जण हळूहळू मागे सरकत तिथेच येतो. एक प्रसंग सांगतो. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही आंबेवाडीतून कुलंगला चढत होतो. ती चढण लांब आणि दमवणारी आहे. आमची एक शिकाऊ मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, ते निळ्या टोपीवाले तिसऱ्यांदा बूट बांधताहेत." मी पाहिले तर बुटांच्या नाड्या घट्टच होत्या, गृहस्थ विसावा घेण्यासाठी वाकत होते. बाटली सकाळी भरली तशीच भरलेली होती आणि अर्ध्या तासात ते कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. कारवीच्या सावलीत बसवून विचारले तेव्हा कळले की त्यांचा उपवास होता, पहाटेपासून दोन कप चहावर चालत होते, आणि तरुण मंडळींसमोर तसे सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले. मीठ-साखरेचे पाणी आणि दोन केळी दिली, एका माणसाला सोबत देऊन त्यांना खाली पाठवले. त्या दिवशी मी वहीत लिहून ठेवले की ही मुलगी पुढे ट्रेक नेईल. तोपर्यंत तिचे ट्रेक जेमतेम पंधरा झाले होते.

दुसऱ्या वर्षी त्या माणसाला रेकीला पाठवतो. गावातल्या वाटाड्याबरोबर वाट पाहून यायची, कुठे वाट फुटते ते लिहायचे, मार्चनंतर कोणत्या टाक्यात पाणी उरते ते गावकऱ्यांना विचारायचे, शेवटची एसटी किती वाजता सुटते ते स्थानकावर जाऊन विचारायचे. मोबाइलवर उतरवून घेतलेल्या वाटेवर विसंबून रेकी टाळणारे आता वाढले आहेत. पावसाळ्यात रान माजल्यावर ती वाट जमिनीवर सापडत नाही, हे त्यांना नेमके धुक्यात कळते. त्यानंतर त्याला पुढे चालवतो आणि मी शेवटी चालतो. मी बोलत नाही. धोका नसेल तर वाट चुकली तरी पंधरा मिनिटे तोंड उघडत नाही. आपण चुकलो आहोत हे स्वतः ओळखणे, थांबणे, मागच्या माणसांना 'वाट चुकली, परत फिरूया' असे स्पष्ट सांगणे, हे तीन क्षण ज्याने माझ्यादेखत निभावले त्याच्यावर मी माणसे सोपवतो.

तीही सरसकट नाही. पाचनईहून हरिश्चंद्रगड नेणारा माणूस बेलपाड्याहून नळीची, म्हणजे अरुंद घळीतून चढणारी वाट नेऊ शकेल, असे धरू नये. दोन्ही वाटा एकाच गडावर जातात, पण नळीतले दगडधोंडे, कातळटप्पे आणि तिथे लागणारे दोराचे काम ही निराळी विद्या आहे. म्हणून आमच्या यादीत नावापुढे तो कोणत्या प्रकारची वाट नेऊ शकतो, हेही लिहिलेले असते.

अभ्यासक्रमाविषयी म्हणाल तर तो अवश्य करावा. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ पासून आणि उत्तरकाशीची १९६५ पासून उत्तम शिक्षण देते. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो, त्यात चांगली श्रेणी मिळाली तर पुढचा करता येतो आणि इतरांना शिकवण्याचा अभ्यासक्रमही वेगळा आहे. दोर, शिस्त, वेळेवर उठणे, ओझे वाहणे हे तिथे अंगवळणी पडते. मात्र दृष्टीभयाने, म्हणजे खोल दरी पाहून वाटणाऱ्या भीतीने, कातळाला चिकटून बसलेल्या, दोन मुलांच्या आईला धीर देऊन खाली कसे उतरवायचे, हे आपल्याच डोंगरात आपल्याच माणसांत शिकावे लागते. सक्ती केलीत तर पंचवीस-तीस दिवसांची रजा न मिळणारी चांगली माणसे गमवाल. त्याऐवजी दर वर्षी एकाला संस्थेच्या खर्चाने पाठवा.

आणि त्या मुलाला आपण स्वतः भेटा. फोनवर बोलू नका.

दरीकाठ

मी घाटातल्या एका बचाव पथकात स्वयंसेवक आहे. आमची बाजू थोडी वेगळी असल्याने लिहितो.

आम्हाला बोलावणे बहुधा रविवारी, अंधार पडता पडता येते. फोनवर आमचा पहिला प्रश्न असतो, "एकूण किती जण आणि आत्ता तुमच्याजवळ किती?" याचे उत्तर अनेकदा मिळत नाही. यादी एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये असते आणि तो मोबाइल बंद पडलेला असतो, किंवा तोच माणूस हरवलेला असतो. नावे, वय, रक्तगट, आजार आणि घरचा फोन एवढी माहिती असलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या आणि शेवटच्या अशा दोघांच्या खिशात हवा, आणि तिसरी प्रत घरी थांबलेल्या एका जबाबदार सभासदाकडे हवी. रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचे, हे त्या सभासदाला आधीच ठाऊक असले पाहिजे. ट्रेकला न जाता घरी फोनजवळ बसणे हेसुद्धा नेतृत्वाचेच काम आहे आणि गुडघे दुखू लागलेल्या ज्येष्ठ सभासदांना ते सन्मानाने देता येते.

माघारी फिरण्याच्या अधिकाराविषयी माझे ठाम मत आहे. तो अधिकार शुक्रवारी संध्याकाळी, घरी बसून, कागदावर द्यावा लागतो. पावसात ओढ्याच्या काठी सत्तावीस माणसे उभी आहेत, पैकी दहा जण 'एवढे पाणी काही नाही' म्हणताहेत, अशा वेळी बावीस वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा वडील माणसांना नाही म्हणता येत नाही. तो भित्रा असतो असे नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणण्याची सवयच कोणाला नसते. म्हणून नियम आधी लिहावा. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचे असेल तर ओढा ओलांडायचा नाही. दुपारी एकपर्यंत माथा गाठला नाही तर जिथे असू तिथून परतायचे. विजा कडाडू लागल्या तर डोंगराची धार सोडून खाली यायचे. हे निघण्यापूर्वी गाडीत सर्वांना वाचून दाखवावे. मग ओढ्याकाठी तो मुलगा स्वतःचे मत मांडत नसतो, सर्वांनी ऐकलेल्या नियमाची फक्त आठवण करून देत असतो. आणखी एक गोष्ट करावी. जो माघारी फिरला त्याच्या ट्रेकची नोंद संस्थेच्या वहीत पूर्ण ट्रेकसारखीच व्हावी आणि पुढच्या बैठकीत त्याला 'का फिरलास' असे कोणी विचारू नये.

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण प्रत्येकाला हवे, आणि ते आपल्या डोंगरातल्या संकटांचे हवे. आपल्याकडे माणूस बर्फाने गारठत नाही, उन्हाने कोसळतो. किल्ल्यांवर मधमाश्या उठतात. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या चवताळतात हे येणाऱ्यांना आधी सांगितले तर निम्मे काम होते. घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. ते रुग्णालयातच द्यायचे असते, म्हणून साप ओळखण्यात किंवा पकडण्यात वेळ दवडायचा नाही. कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करायचे नाही. त्या माणसाला न चालवता, अवयव हलू न देता लवकरात लवकर खाली न्यायचे. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष उपलब्ध आहे, याची चौकशी रेकीच्या दिवशीच करावी. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना हे सगळे एकमेकांना पाठीवर आणि स्ट्रेचरवर उचलून शिकवतो. सहा जणांनी एका माणसाला शंभर पावले खडकाळ उतारावर नेले की सावधपणा वेगळा शिकवावा लागत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदत पायी वर न्यावी लागली. त्या चढणीवर गेलेल्यांत परिसरातील गिर्यारोहणाची मंडळी होती. अंधारात, चिखलात, रांगेने चालण्याची आणि एकाचे ऐकण्याची सवय ज्यांना असते तीच माणसे अशा वेळी उपयोगी पडतात, आणि ती सवय आपल्यासारख्या छोट्या संस्थांच्या रविवारच्या ट्रेकमध्येच लागते. तुमच्या तरुणांना एखाद्या बचाव पथकाच्या सरावाला पाठवा. अशी पथके सहसा नाही म्हणत नाहीत.

पाटीदप्तर

मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि उन्हाळी सुट्टीत मुलामुलींची निसर्ग शिबिरे घेणाऱ्या एका गटाबरोबर विनावेतन काम करते. वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, परंतु एका गोष्टीचा उल्लेख झाला नाही. आपल्या सात जणांत स्त्रिया किती आहेत?

काही वर्षांपूर्वी मी पालक म्हणून एका शिबिराला गेले होते. तिथे मुली बारा होत्या आणि नेणारे दोघेही तरुण मुलगे होते. मुलगे अतिशय सज्जन, कामाला वाघ. दुपारी एक मुलगी चक्कर येऊन पडली. उन्हामुळे झाले असे समजून त्यांनी तिला सावलीत नेले, पाणी शिंपडले. मी जवळ बसून विचारले तेव्हा तिने सांगितले की सकाळपासून तिने पाणीच प्यायले नव्हते, कारण पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल, आणि 'दादांना कसे सांगायचे?' त्यात तिची पाळी आलेली होती. त्या मुलांची यात काही चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की दर दीड-दोन तासांनी मुलींसाठी आडोशाची जागा पाहून थांबायचे असते, आणि हे थांबणे आपणहून जाहीर करायचे असते, मुलींनी मागायची वाट पाहायची नसते. तेव्हापासून मी या कामात आहे.

मुले बरोबर असतील तर दोन मोठ्या माणसांचा नियम पाळावा. कोणताही स्वयंसेवक एकट्या मुलाबरोबर तंबूत, खोलीत किंवा वाटेवर इतरांच्या नजरेआड राहणार नाही. हा नियम मुलांच्या संरक्षणासाठी आहे आणि स्वयंसेवकाच्याही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा पगारी आणि बिनपगारी असा भेद करत नाही. असा प्रकार कळला तर तो पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि 'संस्थेचे नाव जाईल' म्हणून गप्प बसणे हा गुन्हा ठरतो. नव्या माणसाला काम देण्यापूर्वी त्याच्या ओळखीच्या दोन व्यक्तींशी बोलावे. काहींना हे अपमानास्पद वाटते. मी त्यांना सांगते की माझीही चौकशी अशीच झाली होती.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. आपली संस्था त्यात कशी बसते, हे एकदा संचालनालयात प्रत्यक्ष जाऊन विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी मिळवावे.

धुक्यातली टेकडी

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली चौदा वर्षे इंग्लंडमध्ये शेफील्डला राहतो. येथे शाळकरी मुलांच्या डोंगरवाऱ्यांवर स्वयंसेवक म्हणून जातो. इथली पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही, पण आपल्या प्रश्नातल्या 'योग्य झाला हे कसे ओळखावे' या भागाला इथे एक नेमके उत्तर दिलेले आहे, ते सांगतो.

ब्रिटनमध्ये डोंगरात गट नेणाऱ्यांसाठी माउंटन लीडर ही पात्रता १९६४ पासून चालत आली आहे. प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी डोंगरातले किमान वीस दिवस वहीत नोंदलेले असावे लागतात. प्रशिक्षण सहा दिवसांचे असते. परीक्षेला बसेपर्यंत ते दिवस चाळीस व्हावे लागतात, आणि परीक्षा पाच दिवसांची, त्यात रात्री नकाशावरून वाट काढणेही येते. प्रथमोपचाराचे सोळा तास वेगळे. यातला कोणताही आकडा पगारी आणि बिनपगारी माणसासाठी वेगळा नाही. माझ्या परीक्षेच्या वेळी गटात एक सेवानिवृत्त परिचारिका होत्या आणि एक पोटासाठी हेच काम करणारा तरुण होता. धुक्यात नकाशा दोघांच्याही हातात सारखाच दिला गेला. मला त्या वहीचे फार महत्त्व वाटते. तिच्यात नुसते 'अमुक शिखर केले' असे लिहून भागत नाही. हवा कशी होती, निर्णय कोणी घेतला, काय चुकले हे लिहावे लागते. एक दोनशे पानी वही आपल्याकडेही सहज सुरू करता येईल.

ड्यूक ऑफ एडिनबरा या तरुण मुलांसाठीच्या पुरस्काराच्या मोहिमांत मुले ठरावीक टप्पे मोठ्यांच्या सोबतीशिवाय चालतात आणि आम्ही दूरवरून लक्ष ठेवतो. पहिल्यांदा टेकडीआड बसून मुलांची वाट पाहिली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चुकीच्या कुंपणापाशी ती वळली, थांबली, नकाशा उलटसुलट केला, पाच-सात मिनिटे वाद घातला आणि परत फिरली. कातळटप्पा यांनी लिहिलेल्या पंधरा मिनिटांच्या मौनाचा अर्थ मला तिथे कळला.

एक दुःखद घटना मुद्दाम नोंदवतो. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम उपसागरात समुद्रावर कयाक (वल्ह्याची लहान होडी) चालवताना प्लिमथच्या एका शाळेचे चार विद्यार्थी मरण पावले. त्यातून १९९५ चा कायदा आला आणि अठरा वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन साहसी उपक्रमांना नेणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा झाला. आपल्याच सभासदांसाठी उपक्रम घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना त्यातून वगळले गेले. पण माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट निराळी आहे. ज्या साहस केंद्राने त्या मुलांना नेले होते, तिथल्या दोन प्रशिक्षकांनी आधीच्या वर्षी नोकरी सोडताना व्यवस्थापनाला लेखी इशारा दिला होता की इथली सुरक्षेची व्यवस्था अपुरी आहे. पत्र पोहोचले होते. त्यामुळे आपल्या संस्थेतला सर्वांत नवा, सर्वांत लहान स्वयंसेवक 'हे बरोबर होत नाही' असे म्हणाला तर ते कोणी ऐकायचे आणि किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे ठरलेले असावे. व्यावसायिक आयोजकाकडे गेलेल्या आपल्या दोन तरुणांना हा एकच प्रश्न विचारून पाहा: तिथे अडचण आली तर तुम्ही कोणाला सांगाल?

ओली वाट

सर्व प्रतिसाद मनापासून वाचले. वर्गणीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. मी आमच्या ट्रेकच्या संस्थेची खजिनदार होते. आमच्याकडे नेणाऱ्यांचा प्रवास आणि जेवण बाकीच्यांच्या वर्गणीत वाटून टाकत असू. पुढे लक्षात आले की काही जण केवळ तेवढ्यासाठी नेण्याची जबाबदारी मागू लागले आहेत आणि 'मी तुझ्या ट्रेकला, तू माझ्या' अशी देवघेव सुरू झाली आहे. म्हणून आम्ही ते बंद केले. आता नेणारे इतरांइतकीच वर्गणी भरतात. मात्र रेकीचा खर्च, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, दोर आणि कमरेला बांधायचे हार्नेस, अपघात विमा आणि अभ्यासक्रमाची फी हे सर्व संस्थेच्या खात्यातून जाते. विद्यार्थ्यांना वर्गणी परवडत नसेल तर ते मला एकटीला सांगत, आणि तो हिशेब माझ्यापाशीच राहत असे. ही व्यवस्था सर्वांना पटेल असे नाही. आमच्याच तिघांनी यावरून संस्था सोडली आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते, कारण महिन्याचे दोन रविवार देणाऱ्याने वर पैसेही का भरावेत, या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नव्हते.

पदरवाट

सर्वांचा आभारी आहे. प्रतिसाद छापून मी संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवले. पाटीदप्तर यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की सात जणांत एकच स्त्री आहे, आणि बैठकीत हे बोलल्यावर त्यांनी सांगितले की गेली सहा वर्षे प्रत्येक ट्रेकला मुली आडबाजूला त्यांनाच गाठून सगळे सांगतात. मला याची कल्पना नव्हती. दोन महिला सभासदांनी शेवटी चालण्याचे काम शिकण्याची तयारी दाखवली आहे.

ओढा, परतीची वेळ आणि विजा यांचे नियम लिहून झाले. परतीच्या वेळेवरून बराच वाद झाला. जुन्या मंडळींना दुपारचे दोन हवे होते, अखेर पावसाळ्यात एक आणि इतर वेळी दोन असे ठरले. वर्गणीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. दोनशे पानी वही आणली आहे आणि पहिली नोंद मी राजमाचीहून उतरलो त्याच दिवसाची केली, कोणी हाक मारली आणि पिशवी कोणाच्या पाठीवर होती यासकट.

त्या मुलाला भेटलो. त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईने चहा केला. सगळ्यांसमोर ओरडलो म्हणून मी माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "सर, ती डावीकडची वाट मला आधीपासून माहीत होती. मी तिथे फांदी आडवी टाकायला हवी होती." आम्ही दोघे येत्या शनिवारी उधेवाडीला मुक्कामाला जात आहोत. ज्या काकांनी शोध घेतला तेच बरोबर येणार आहेत. लेण्यांपर्यंत जिथे जिथे वाट फुटते ती प्रत्येक जागा तो वहीत उतरवणार आहे, आणि मी त्याच्या मागे, शेवटी चालणार आहे.